इस्लामी धर्मग्रंथांच्या प्रकाशनाचे नियमन (मराठवाडा)

इस्लामी धर्मग्रंथांच्या प्रकाशनाचे नियमन म्हणजे कुराण, हदीससंग्रह, कुराणावरील भाष्ये (तफसीर) आणि तत्सम ग्रंथ छापताना व विकताना मुद्रक, प्रकाशक व विक्रेते यांना लागू होणारे शासकीय नियम. पाकिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया इत्यादी देशांत कुराणाच्या छपाईसाठी स्वतंत्र कायदे किंवा सरकारी तपासणी मंडळे आहेत. भारतात तसा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. येथे धर्मग्रंथालाही इतर कोणत्याही पुस्तकाचेच नियम लागू होतात. पाठ शुद्ध आहे की नाही हे पाहण्याचे काम शासनाचे नसून ते परंपरेने हाफिज व उलेमा यांच्याकडे आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराला या दोन्ही व्यवस्थांचा अनुभव आहे. १९४८ पर्यंत हे शहर ज्या हैदराबाद संस्थानात होते, ते संस्थान स्वतःच इस्लामी ग्रंथांचे एक मोठे आश्रयदाते व प्रकाशक होते. त्यानंतर ते अशा राज्यव्यवस्थेत आले, जी ग्रंथाचा पाठ तपासत नाही. मात्र ग्रंथामुळे समाजात वैर वाढते असे वाटल्यास तो सरकारजमा करू शकते.

पाठशुद्धतेचा प्रश्न

कुराणात ११४ सूरा (अध्याय) असून पठणाच्या सोयीसाठी त्याचे ३० पारे (भाग) केलेले आहेत. कूफी गणनेनुसार आयतींची संख्या ६,२३६ भरते. श्रद्धाळू मुसलमानाच्या दृष्टीने मूळ अरबी शब्द हा ईश्वराचा शब्द आहे. त्यामुळे इतर पुस्तकांत ‘मुद्रणदोष’ म्हणून खपून जाणारी चूक येथे खपत नाही.

चूक होण्याची शक्यता मात्र लिपीतच आहे. अरबी लिपीत अनेक अक्षरांचा मूळ आकार एकच असतो व नुक्त्यांच्या (बिंदूंच्या) संख्येने आणि जागेने ती अक्षरे वेगळी होतात. एकाच आकाराखाली एक नुक्ता दिला की ‘बे’, वर दोन दिले की ‘ते’ आणि वर तीन दिले की ‘से’ होते. ऱ्हस्व स्वर अक्षरांच्या वर किंवा खाली लहान चिन्हांनी दाखवतात. उर्दूत त्यांना जबर, जेर व पेश म्हणतात. छापताना शाई फुटली, दगडावरचे बारीक चिन्ह झिजले किंवा नुक्ता जागचा हलला, तर शब्दच बदलतो. याचे पारंपरिक उदाहरण नवव्या सूरेच्या तिसऱ्या आयतीचे दिले जाते. अनेकेश्वरवाद्यांच्या बाबतीत ईश्वर व त्याचा प्रेषित हे दोघेही जबाबदारीतून मोकळे आहेत, असा तेथील आशय आहे. त्यातील ‘रसूलुहू’ हा शब्द एका स्वरचिन्हाच्या फरकाने ‘रसूलिही’ असा वाचला, तर ईश्वराने आपल्या प्रेषिताशीच संबंध तोडला असा विपरीत अर्थ होतो. अबुल अस्वद अद्-दुअली यांनी हा चुकीचा पाठ ऐकला आणि त्यातून अरबी व्याकरणाची निकड भासली, अशी आख्यायिका अरबी परंपरेत प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाला काना-मात्रा चुकल्याने झालेले विनोद ठाऊक असतात; येथे मात्र तो विनोदाचा विषय राहत नाही.

छापील कुराणाचा इतिहासही चुकांपासूनच सुरू होतो. व्हेनिस येथे पगानिनी पिता-पुत्रांनी १५३७-३८ च्या सुमारास छापलेले अरबी कुराण हे सर्वांत जुने ज्ञात छापील कुराण होय. त्यात अक्षरांच्या व स्वरचिन्हांच्या ढोबळ चुका आहेत. त्याची एकच प्रत ज्ञात असून ती १९८७ साली व्हेनिसमधील एका मठाच्या ग्रंथालयात सापडल्याचे जाहीर झाले. इजिप्तमध्ये शाळांसाठी बाहेरून आणलेल्या प्रतींत चुका आढळल्यामुळे विद्वानांची समिती नेमण्यात आली व तिने तयार केलेली कैरो आवृत्ती १९२४ साली प्रसिद्ध झाली. सरकारच्या पुढाकाराने सिद्ध झालेला हा पाठ पुढे अनेक देशांत प्रमाण मानला गेला.

भारतात शिळाछापाने हा प्रश्न बराच सोपा केला. खिळे जुळवण्याऐवजी कातिबाने (सुलेखनकाराने) स्वहस्ते लिहिलेले पान दगडावर उतरवून छापता येत असल्यामुळे हस्तलिखिताची परंपरा छापखान्यातही टिकली. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली लखनौ येथे काढलेल्या छापखान्याने कुराणाच्या स्वस्त प्रती मोठ्या प्रमाणावर छापल्या. मालक हिंदू असूनही या कामावरील माणसांनी वुजू (हातपाय धुऊन शुद्ध होणे) करूनच छपाईला बसावे, असा तेथे दंडक होता असे सांगितले जाते. हा दंडक कोणत्याही सरकारने घातलेला नव्हता. गिऱ्हाईकाचा विश्वास हेच त्यामागचे कारण होते, आणि भारतीय व्यवहाराचे मर्म बहुतांशी आजही तेच आहे.

भारतीय उपखंडातील कुराणाची लेखनपद्धती व आज अरबस्तानातून येणाऱ्या मदिना आवृत्तीची पद्धती यांत विरामचिन्हे, स्वरचिन्हांचे आकार व काही शब्दांचे लेखन यांबाबत फरक आहे. शब्द तेच असले तरी एका पद्धतीत वाचायला शिकलेला विद्यार्थी दुसरी प्रत हाती आली की अडखळतो. पाठांतर करणाऱ्यांना तर ओळींची मांडणीही बदललेली चालत नाही. तेरा, पंधरा किंवा सोळा ओळींच्या ठरावीक आवृत्तीत कोणती आयत पानाच्या कोणत्या भागात आहे, हे त्यांच्या डोळ्यांसमोर पक्के झालेले असते. म्हणून शासनाने एकच प्रमाण आवृत्ती ठरवली, तर दुसऱ्या परंपरेतील निर्दोष प्रतही नियमापुरती ‘अशुद्ध’ ठरण्याचा धोका असतो. प्रमाणीकरणाचा विचार करताना ही अडचण सहसा लक्षात घेतली जात नाही.

निजामकालीन औरंगाबाद

या परिसरात कुराणाची प्रत करणे हे पुण्यकर्म आणि चरितार्थ अशा दोन्ही नात्यांनी परिचित होते. शहराजवळील खुलताबाद येथे औरंगजेबाची कबर आहे. त्याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या मृत्युपत्रात टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे कफनासाठी वापरावेत आणि कुराणाच्या प्रती लिहून मिळवलेले ३०५ रुपये फकिरांना वाटावेत, असा उल्लेख येतो. या मृत्युपत्राच्या विश्वसनीयतेबद्दल वाद होऊ शकतो. मात्र लेखनाच्या मोबदल्याचा हिशेब वेगळा ठेवण्याची दृष्टी त्यातून स्पष्ट दिसते.

विसाव्या शतकात औरंगाबाद हे उर्दू प्रकाशनाचे महत्त्वाचे केंद्र झाले. मौलवी अब्दुल हक यांच्याकडे अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीसपद १९१२ साली आले व संस्थेचे कार्यालय औरंगाबादेस आले. १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक येथून निघू लागले. १९३८ साली संस्था दिल्लीला हलली. तिच्या पुस्तकांवर प्रकाशनस्थळ ‘औरंगाबाद दक्कन’ असे छापलेले आढळते. अंजुमनचे मुख्य काम भाषा व साहित्य यांचे होते, धर्मग्रंथांचे नव्हे. पण मुद्रितशोधक, कातिब आणि जाणकार वाचक यांचा वर्ग शहरात तयार झाला तो या काळात.

धर्मग्रंथांचे काम राजधानीत चाले. हैदराबादेत १८८८ साली स्थापन झालेल्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने हदीस व इतर विषयांवरील दुर्मीळ अरबी हस्तलिखिते संपादित करून छापली. बैहकी यांचे ‘अस्-सुनन अल्-कुब्रा’ व हाकिम यांचे ‘अल्-मुस्तद्रक’ या ग्रंथांच्या तिने काढलेल्या आवृत्त्या अरब देशांतील विद्वानांनीही वापरल्या. इंग्रज लेखक मार्माड्यूक पिक्थॉल हे निजामाच्या नोकरीत असताना त्यांना कुराणाच्या इंग्रजी भाषांतरासाठी रजा देण्यात आली. ते भाषांतर १९३० साली प्रसिद्ध झाले. अरबी मूळ व इंग्रजी भाषांतर समोरासमोर असलेली त्याची आवृत्ती १९३८ साली हैदराबादच्या सरकारी मध्यवर्ती छापखान्यातून निघाली. भाषांतरकाराने ग्रंथाच्या नावात ‘कुराणाचा अर्थ’ असे म्हटले आहे, ‘कुराण’ असे म्हटलेले नाही. भाषांतर हे मूळ ग्रंथाची जागा घेऊ शकत नाही, या उलेमांच्या भूमिकेचा तो मान होता.

हेच शासन वृत्तपत्रे व राजकीय लेखन यांच्या बाबतीत अत्यंत कठोर होते. आ. कृ. वाघमारे यांना ‘मराठवाडा’ हे पत्र संस्थानाबाहेर, पुण्याहून काढावे लागले आणि संस्थानात त्यावर बंदी आल्यावर नावे बदलून ते चालू ठेवावे लागले. एकाच सरकारचा छापखाना धर्मग्रंथ उत्तम कागदावर छापत होता आणि त्याच सरकारचे पोलीस मराठी पत्रांचे अंक पकडत होते. राजाश्रय आणि नियंत्रण एकाच हातात असले की दोहोंतील सीमा राज्यकर्त्याच्या मर्जीवर ठरते, हे मराठवाड्याच्या पत्रकारितेच्या इतिहासातून वेगळे सांगावे लागत नाही.

१९४८ नंतरची चौकट

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाची निजामी राजवट संपुष्टात आली. २६ जानेवारी १९५० पासून भारतीय संविधान लागू झाले. त्यातील १९ व्या अनुच्छेदाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य, तर २५ व २६ व्या अनुच्छेदांनी धर्माचरणाचे व धार्मिक बाबींच्या व्यवस्थापनाचे स्वातंत्र्य दिले. १९५१ साली भारतीय दंड संहिता पूर्वीच्या संस्थानी प्रदेशात लागू झाली. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. धर्मग्रंथांचे सरकारी प्रकाशन हा विषय या प्रदेशापुरता तेथेच संपला.

नव्या व्यवस्थेत प्रकाशकावर दोन साध्या जबाबदाऱ्या होत्या. मुद्रणालये व पुस्तक नोंदणी अधिनियम, १८६७ नुसार प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ, तसेच प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ छापणे आवश्यक होते. १८५७ च्या उठावानंतर दहा वर्षांनी आलेल्या या कायद्याचा उद्देश कोण काय छापते हे सरकारला कळावे, हा होता. छापण्यापूर्वी परवानगी घ्यावी असे तो म्हणत नव्हता. धर्मादाय म्हणून फुकट वाटल्या जाणाऱ्या लहान पुस्तिकांवर, म्हणजे एखाद्या सूरेची पुस्तिका, दुआसंग्रह, हजयात्रेची माहिती यांवर, ‘सवाबसाठी छापले’ एवढाच मजकूर घालून मुद्रकाचे नाव वगळणे हा या कायद्याचा भंगच होता, हेतू कितीही चांगला असो. हा कायदा आता रद्द झाला आहे. त्याच्या जागी आलेला मुद्रणालये व नियतकालिके नोंदणी अधिनियम, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून अमलात आला असून त्यातून पुस्तके वगळण्यात आली आहेत. तरीही मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे प्रकाशकाच्या हिताचेच आहे. निनावी पुस्तकाकडे पोलीस आणि वाचक दोघेही संशयाने पाहतात.

दुसरी जबाबदारी ग्रंथालयांना प्रत देण्याची. पुस्तके (सार्वजनिक ग्रंथालये) प्रदान अधिनियम, १९५४ नुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य तीन ग्रंथालये (मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमरा ग्रंथालय व दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय) यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. न पाठवल्यास मूळ कायद्यात पन्नास रुपयांपर्यंत दंड व पुस्तकाच्या किमतीइतकी रक्कम एवढीच शिक्षा आहे. मजकुरात कोणताही बदल नसलेल्या पुनर्मुद्रणाला या नियमातून सूट आहे. ज्या ग्रंथाचा मजकूर बदलत नाही हेच ज्याचे वैशिष्ट्य, त्याच्या पुनर्मुद्रणांना या सुटीचा आधार सहज मिळतो. नव्या भाषांतराला किंवा नव्या टीपांसह काढलेल्या आवृत्तीला मात्र तो मिळत नाही. अनेक लहान प्रकाशक प्रती पाठवण्याचा कंटाळा करतात आणि परिणामी प्रादेशिक धार्मिक वाङ्मयाचा मोठा भाग ग्रंथसूचींत येतच नाही. पुढे अभ्यास करणाऱ्याचे यात मोठे नुकसान होते.

ग्रंथ सरकारजमा करण्याचा अधिकार

प्रकाशनपूर्व तपासणी नसली, तरी प्रकाशनानंतरची कारवाई कडक असू शकते. तिचा उगम एका प्रकाशकाच्याच खटल्यात आहे. १९२४ साली लाहोर येथे प्रेषित मुहम्मद यांच्या खासगी जीवनावर ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका लेखकाच्या नावाशिवाय निघाली. प्रकाशक राजपाल यांच्यावर खटला भरला गेला. दिवंगत धर्मपुरुषावरील टीका ही जमातींमध्ये वैर पसरवण्याच्या तत्कालीन कलमात बसत नाही, असे म्हणून लाहोर उच्च न्यायालयाने १९२७ साली त्यांना निर्दोष सोडले. त्याच वर्षी दंड संहितेत २९५-अ हे कलम घालण्यात आले. एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतुपुरस्सर व दुष्ट इराद्याने त्याच्या धर्माचा किंवा श्रद्धांचा अपमान करणे त्याने गुन्हा ठरवले. राजपाल यांचा १९२९ साली खून झाला.

या कलमाची घटनात्मक वैधता सर्वोच्च न्यायालयाने रामजीलाल मोदी खटल्यात (१९५७) मान्य केली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे आणि न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. आज ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये, तर वैर पसरवण्याविषयीची जुनी १५३-अ ही तरतूद कलम १९६ मध्ये आहे.

प्रत्यक्ष पुस्तकावरील कारवाई पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ नुसार होत असे. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ नुसार होते. राज्य शासन कारणे नमूद करून अधिसूचना काढते व पुस्तकाची प्रत्येक प्रत सरकारजमा झाल्याचे जाहीर करते. त्यानंतर भारतात कोठेही ती प्रत सापडली तरी पोलीस ती ताब्यात घेऊ शकतात. हितसंबंध असलेल्या कोणालाही दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते व तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे सुनावणी होते. अधिसूचनेत कारणे देणे ही केवळ औपचारिकता नाही. कारणे न दिलेला आदेश टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हरनामदास खटल्यात (१९६१) स्पष्ट केले आहे. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावरील बंदी उठवण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, तेव्हा हीच कसोटी पुन्हा लावण्यात आली. त्या पुस्तकाचा इस्लामशी संबंध नव्हता, परंतु महाराष्ट्रातील प्रकाशकांना हा निर्णय सर्वांत जवळचा आहे.

धर्मग्रंथ आणि न्यायालये

प्रत्यक्ष कुराणच सरकारजमा करावे, अशी मागणीही एकदा झाली. चांदमल चोपडा यांनी १९८५ साली कोलकाता उच्च न्यायालयात तसा अर्ज केला. न्यायमूर्ती बिमलचंद्र बसाक यांनी तो १७ मे १९८५ रोजी फेटाळला. धर्माचा आधार असलेल्या प्राचीन ग्रंथावर न्यायनिवाडा करणे हे न्यायालयाचे काम नाही आणि असा आदेश धर्मस्वातंत्र्याच्या विरुद्ध होईल, असा निकालाचा रोख होता. उत्तर प्रदेश शिया वक्फ मंडळाच्या एका माजी अध्यक्षांनी कुराणातील २६ आयती वगळण्यासाठी केलेली याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२१ रोजी पन्नास हजार रुपयांच्या खर्चासह फेटाळली. धर्मग्रंथाच्या पाठात शासन वा न्यायालय हात घालणार नाही, ही भूमिका या दोन निकालांमुळे पक्की झाली.

धर्मावरील पुस्तकांना हे संरक्षण नाही. इस्लाम ही जगावर राजकीय आक्रमण करणारी कल्पना आहे असे मांडणारे आर. व्ही. भसीन यांचे इंग्रजी पुस्तक महाराष्ट्र शासनाने २००७ साली सरकारजमा केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०१० मध्ये तो आदेश कायम ठेवला. इस्लामसह कोणत्याही धर्माची चिकित्सा करता येते, असे न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले. परंतु या पुस्तकाचा हेतू चिकित्सेचा नसून द्वेष चेतवण्याचा आहे, असा निष्कर्ष काढला. चिकित्सा कोठे संपते व द्वेष कोठे सुरू होतो हे पुस्तकाचा सूर, निवडलेले दाखले आणि संभाव्य वाचक यांवरून ठरते. प्रकाशकाला हा अंदाज छपाईपूर्वीच बांधावा लागतो.

मौदूदी यांची पुस्तके

अबुल आला मौदूदी यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०३ रोजी औरंगाबादेत झाला. त्यांचे वडील येथे वकिली करीत आणि प्रारंभीचे शालेय शिक्षणही याच शहरात झाले. पुढे ते जमात-ए-इस्लामीचे संस्थापक झाले व फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. ‘तफहीमुल कुरआन’ हे सहा खंडांचे भाष्य त्यांनी १९४२ ते १९७२ या काळात लिहिले. त्यांच्या राजकीय विचारांवर तीव्र मतभेद आहेत, मुस्लिम विद्वानांतही आहेत. पण विसाव्या शतकातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या उर्दू भाष्यांपैकी ते एक आहे.

त्यांच्या पुस्तकांनी वरील कायद्याचा आवाका दाखवून दिला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये श्रीनगर येथील दुकानांतून पोलिसांनी ६६८ पुस्तके ताब्यात घेतली. त्यांत दिल्लीहून रीतसर प्रकाशित झालेली मौदूदींची पुस्तके प्रामुख्याने होती. ५ ऑगस्ट २०२५ रोजी जम्मू-काश्मीरच्या गृह विभागाने २५ पुस्तके सरकारजमा जाहीर केली व त्यांत मौदूदींच्या ‘अल्-जिहाद फिल इस्लाम’ या पुस्तकाचा समावेश आहे. हे पुस्तक प्रथम १९३० च्या सुमारास आझमगढ येथून निघाले. म्हणजे सुमारे पंच्याण्णव वर्षे विक्रीत असलेले पुस्तक एका अधिसूचनेने जप्तीयोग्य झाले. कलम ९८ चा परिणाम देशभर होत असल्यामुळे लेखकाच्या जन्मगावातील विक्रेत्याच्या फळीवरील प्रतही त्याच्या कक्षेत येते. अशा अधिसूचना त्या त्या राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि देशभरातील सरकारजमा पुस्तकांची अद्ययावत यादी लहान विक्रेत्याला सहज मिळत नाही. नियम पाळण्याची इच्छा असूनही तो पाळता येईलच असे नाही, ही या व्यवस्थेतील खरी उणीव आहे. सलमान रश्दी यांच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीच्या आयातीवर १९८८ साली सीमाशुल्क कायद्याखाली आलेली बंदी याहून नमुनेदार ठरली. ती अधिसूचना सरकारला २०२४ सालीही न्यायालयापुढे सादर करता आली नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती अस्तित्वात नसल्याचे गृहीत धरले.

अन्य देशांतील नियम

पाकिस्तानने १९७३ साली कुराणाच्या छपाईतील चुका टाळण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात प्रकाशकांची नोंदणी व पाठ निर्दोष असल्याची जबाबदारी यांची तरतूद आहे. पंजाब प्रांताने २०११ साली स्वतःचा कायदा केला. मात्र पाठशुद्धीसाठी आलेला हा कायदा पुढे अहमदिया पंथीयांची भाष्ये रोखण्यासाठीही वापरला गेला. असे भाष्य २०१९ साली वाटल्याच्या आरोपावरून अटकेत असलेल्या एका व्यक्तीला पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोकळे केले, कारण ते कृत्य २०२१ च्या दुरुस्तीनंतरच गुन्हा ठरले होते. त्या निकालावरून तेथे मोठे वादळ उठले. चुका कोण शोधणार या प्रश्नाचे रूपांतर ग्रंथ कोणाचा या प्रश्नात कसे होते, याचे हे उदाहरण आहे.

मलेशियात १९८६ च्या कायद्यानुसार कुराणाचा मजकूर छापण्यास परवाना लागतो. इंडोनेशियात १९५७ पासून शासकीय तपासणी मंडळ असून त्याच्या प्रमाणपत्राशिवाय कुराण वितरित करता येत नाही. सौदी अरेबियाने १९८४ साली मदिना येथे स्वतःचेच मुद्रण संकुल उभारले.

भारतात या प्रमाणपत्राची जागा तस्दीकनामा घेतो. कुराणाच्या शेवटच्या पानावर, अमुक हाफिजांनी हा पाठ अक्षरशः तपासला असून त्यात चूक नाही, असे नावांसह छापलेले असते. तरीही मानवी नजरेतून काही सुटले असल्यास कळवावे, अशी विनंतीही बहुधा जोडलेली असते. कायद्याच्या दृष्टीने या कागदाला विशेष किंमत नाही, परंतु जाणकार गिऱ्हाईक प्रत घेताना ते पान उघडून पाहतो.

मराठी भाषांतरे व लिपी

विनोबा भावे यांनी विषयवार निवडलेल्या आयतींचे ‘कुराण-सार’ १९६२ साली तयार झाले. त्या वर्षी ते पदयात्रेने पूर्व पाकिस्तानात जाणार होते. मुसलमान नसलेल्या माणसाने कुराणात निवड करावी यावर पुस्तक हाती येण्यापूर्वीच पाकिस्तानी वृत्तपत्रांतून टीका झाली. भारतात त्याला कोणाची परवानगी लागली नाही. मुंबईच्या इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टने ‘दिव्य कुरआन’ हे भाषांतर प्रसिद्ध केले असून इस्लामविषयक मराठी पुस्तकांत ही संस्था अग्रेसर आहे.

मराठीत ‘कुराण’ हे रूप रूढ असले तरी मुस्लिम प्रकाशक ‘कुरआन’ असे लिहितात. अरबी उच्चाराला ते अधिक जवळचे आहे आणि ‘पुराण’ या शब्दाशी होणारे यमकही त्यामुळे टळते. याहून गंभीर प्रश्न मूळ अरबी पाठ देवनागरीत छापण्याचा आहे. उर्दू लिपी न येणाऱ्या तरुण वाचकांकडून अशा पुस्तकांना मागणी आहे. परंतु अरबीतील जाल, झे, जाद व जो ही चार वेगळी अक्षरे देवनागरीत ‘ज’ किंवा ‘झ’ मध्येच मिसळतात आणि दोन प्रकारचा ‘ह’ एकच होतो. अरबी मूळ न देता केवळ परकी लिपीत पाठ छापू नये, असे उलेमांचे सर्वसाधारण मत आहे. म्हणून जबाबदार प्रकाशक अरबी पाठ, देवनागरी उच्चार व मराठी अर्थ असे तिन्ही एकत्र देतात. त्यामुळे पुस्तकाचा आकार आणि किंमत दोन्ही वाढतात.

सदोष व जीर्ण प्रती

छपाईत बिघडलेले फर्मे आणि जुन्या झालेल्या प्रती रद्दीत घालणे हा धर्मग्रंथाचा अनादर (बेअदबी) मानला जातो. प्रचलित पद्धतीनुसार असे कागद स्वच्छ कापडात बांधून पायदळी न येणाऱ्या जागी पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. यासाठी मशिदींत वा दर्ग्यांत वेगळी पेटी ठेवलेली असते. छापखान्याच्या दृष्टीने हा खर्चाचा भाग आहे, कारण इतर कामांप्रमाणे वाया गेलेला कागद वजनावर विकता येत नाही. एखादा फर्मा चुकल्याचे बांधणीनंतर लक्षात आले, तर प्रती बाजारातून परत मागवून शुद्ध फर्मा घालून देतात किंवा प्रत बदलून देतात. रद्दीच्या गठ्ठ्यात धर्मग्रंथाची पाने आढळल्यावरून गावोगाव तणाव निर्माण झाल्याची उदाहरणे असल्यामुळे मुद्रक बांधणीवाल्याला या पानांचा हिशेब मोजून देण्यास सांगतात.